कचेरीचें तिकीट, प्रवाशाचे पॉइंट



लालबाग-परळच्या बाजूला एकेकाळीं गिरणीच्या भोंग्यावर दिवस उजाडत असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर तो भोंगा हळूहळू मुका झाला, आणि ज्या आवारांत साचे व माग चालत त्या आवारांत आज कांचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या आहेत. कमला मिल हें नांव अजून मिलचेंच आहे. आंत सूत मात्र कोणी कांतीत नाहीं. या कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसाला भोंगा नसला तरी पहाटे उठावें लागतेंच. दिल्लीला दहाची बैठक असली कीं चारला घर सोडून तो सहारच्या विमानतळाकडे निघतो आणि रात्रीं अकराला पुन्हां दादरला आपल्या दाराशीं येऊन उभा राहतो. त्याचें तिकीट कंपनीनें काढलेलें असतें आणि तें कॉर्पोरेट भाड्याचें, म्हणजे कराराप्रमाणें ठरलेल्या सवलतीच्या दराचें असतें. या माणसाच्या मनांत एक प्रश्न पुष्कळदां येतो. वरिष्ठांना तो विचारवत नाहीं, आणि ट्रॅव्हल एजंटाला विचारला तर धड उत्तर मिळत नाहीं. प्रश्न असा कीं, सवलतीच्या या तिकिटावर विमानकंपनीचे पॉइंट मला मिळतात कीं नाहीं. मिळत असल्यास किती. आणि मिळालेले ते पॉइंट माझे कीं कचेरीचे?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. महिन्यांतून चार वेळां जाणाऱ्या माणसाच्या खात्यांत वर्षाअखेर जे पॉइंट सांठतात त्यांतून घरच्या माणसांचें गोव्याचें किंवा कोचीनचें तिकीट निघूं शकतें. जो वेळ त्यानें घरच्यांपासून दूर काढला त्याचीच ती थोडीशी भरपाई, असें त्याला वाटतें. हें वाटणें बरोबर आहे कीं नाहीं याचा विचार पुढें करूं. आधीं पॉइंट ही वस्तु काय आहे तें पाहूं.

सवलत दोन तऱ्हांनीं देतां येते. आपल्या लोकलचा पास ही पहिली तऱ्हा. महिन्याचे किंवा तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले कीं दर खेपेचें भाडें पुष्कळच कमी पडतें. सवलत तेथल्या तेथें हातांत पडली, हिशेब मिटला. दुसरी तऱ्हा परताव्याची. इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या विणकरांनीं व इतर कारागिरांनीं १८४४ सालीं एक दुकान काढलें. माल बाजारभावानें विकावयाचा आणि उरलेला नफा, ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत, त्याला परत द्यावयाचा असा नियम त्यांनीं घातला. सहकाराचा हाच विचार १९४८ सालीं आपल्या नायगांवांत रुजला. गिरणीकामगारांच्या वस्तींत निघालेलें तें ग्राहक भांडार पुढें अपना बाजार या नांवानें साऱ्या मुंबईला ठाऊक झालें.

विमानाचे पॉइंट या दुसऱ्या जातीचे आहेत. परंतु सहकारी दुकानांत आणि विमानांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या सर्व विषयाचें मर्म त्या फरकांत आहे. दुकानांत जो पैसे देतो तोच परताव्याचा धनी असतो. कचेरीच्या तिकिटाच्या बाबतींत पैसे देणारा एक आणि विमानांत बसणारा दुसरा. आणि परतावा जातो तो बसणाऱ्याच्या नांवावर.

हें चुकून झालेलें नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालीं सरकारनें विमानांच्या भाड्यांवरील नियंत्रण उठविलें. तोंवर सर्वांचीं भाडीं बहुतेक सारखींच असत. आतां भाव पाडण्याची चढाओढ सुरू झाली. भाव पाडून आलेलें गिऱ्हाईक आणखी भाव पाडणाराकडे जातें, हें विमानकंपन्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. १ मे १९८१ रोजीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपली अ‍ॅडव्हान्टेज नांवाची योजना जाहीर केली, आणि कांहीं दिवसांच्या आंत युनायटेड कंपनीनेंही तशीच योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यांत जमा, आणि पुरेसे जमले कीं एक प्रवास फुकट. या योजनेचा खरा रोख सहलीला जाणाऱ्या कुटुंबावर नव्हता. तो होता कामानिमित्त वारंवार जाणाऱ्या माणसावर. हा मनुष्य भाड्याचा विचार करीत नाहीं, कारण तें त्याच्या खिशांतून जात नाहीं. तेव्हां भाडें कमी करून त्याला वश करतां येत नाहीं. त्याला स्वतःला कांहीं तरी द्यावें लागतें. युक्ति चतुर खरी. ती सर्वस्वी निष्पाप आहे असें मात्र माझ्यानें म्हणवत नाहीं, कारण मालकाच्या पैशानें नोकराची मर्जी संपादन करण्याचाच हा एक सभ्य प्रकार आहे.

आपल्या देशाच्या विमानवाहतुकीचा आरंभ मुंबईशींच जोडलेला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांतून वाढलेली कंपनी १९४६ सालीं एअर इंडिया झाली, १९५३ सालीं सरकारची झाली आणि जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां टाटांकडे आली. तिचा पगडीवाला महाराजा हेंही मुंबईचेंच अपत्य. १९४६ सालीं बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनीं त्याला जन्म दिला. पॉइंटांच्या या कंपनीच्या योजनेचें नांव पुष्कळ वर्षें फ्लाइंग रिटर्न्स असें होतें; १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा कंपनी एअर इंडियांत विलीन झाली त्या सुमारास योजनेनें त्या महाराजाचेंच नांव घेतलें, आणि आतां ती महाराजा क्लब म्हणून ओळखली जाते. इंडिगोचीं विमानें ऑगस्ट २००६ पासून उडत आहेत, परंतु त्या कंपनीनें ब्ल्यूचिप नांवाची आपली योजना आणली ती २०२४ सालीं. इतकीं वर्षें तिचें म्हणणें जणूं असें होतें कीं, सवलत घ्यावयाची ती भाड्यांतच घ्या. लोकलच्या पासवाल्यांना हें म्हणणें सहज पटावें.

आतां कॉर्पोरेट भाड्याकडे वळूं. एखादी कचेरी वर्षाकाठीं पुष्कळ तिकिटें काढते. ती विमानकंपनीला सांगते कीं, आमचीं माणसें शक्यतों तुमच्याच विमानानें पाठवितों. मोबदल्यांत आम्हांला दर कमी द्या. करार होतो, कचेरीला एक सांकेतिक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक घालून तिकीट काढलें कीं ठरलेला दर लागतो. यासाठीं कचेरी मोठीच असली पाहिजे असेंही नाहीं. गिरगांवांतल्या एखाद्या छापखान्यालाही जी.एस.टी. क्रमांकाच्या आधारें लहान धंद्यांसाठीं ठेवलेलें असें भाडें मिळूं शकतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉर्पोरेट भाडें म्हणजे सर्वांत स्वस्त भाडें असें पुष्कळांना वाटतें. तसें नसतें. सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा उघड्या बाजारांत आगाऊ काढलेलें, न बदलतां येणारें असतें. कचेरीला तें परवडत नाहीं, कारण बैठका रद्द होतात आणि पुढें ढकलल्या जातात. म्हणून कॉर्पोरेट भाड्यांत सवलतीबरोबर मोकळीक विकली जाते : तारीख बदलण्याचा आकार कमी, रद्द केल्यास कापणी कमी, पुष्कळदां जेवण व आसनाची निवड त्यांतच. बाजारांतील त्याच मोकळिकीच्या तिकिटाच्या मानानें तें स्वस्त असतें, इतकाच त्याचा अर्थ.

पॉइंटांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट यापुढेंच आहे. विमानांत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोघांचीं आसनें सारखीं, चहा सारखा, पोंचण्याची वेळ सारखी. तरी त्यांच्या तिकिटांवर निरनिराळीं इंग्रजी अक्षरें छापलेलीं असतात. एकाच्या तिकिटावर वाय, दुसऱ्याच्या तिकिटावर एल किंवा के. हा बुकिंगचा वर्ग. विमानकंपनी इकॉनॉमीच्या एकाच डब्याचे, मला डबा हाच शब्द सुचतो, असे कागदावर दहा-बारा कप्पे करते आणि प्रत्येक कप्प्याला एक अक्षर देते. आसन कोणत्या भावानें व कोणत्या अटींवर विकलें तें त्या अक्षरावरून कळतें. प्रवाशाला या अक्षराशीं एरवीं कांहीं कर्तव्य नसतें. पॉइंट मोजणारा मात्र प्रथम तेंच वाचतो.

कॉर्पोरेट सवलत दोन रीतींनीं दिली जाते. पहिल्या रीतींत अक्षर बाजारांतलेंच राहतें आणि त्या भाड्यांतून शेंकडा कांहीं टक्के कमी होतात. दुसऱ्या रीतींत करारासाठीं स्वतंत्र भाडें बांधलेलें असतें, आणि त्याला कधीं कधीं स्वतंत्र अक्षरही असतें. एजंट आपणांस नुसतें एवढेंच सांगतो कीं, साहेब, हें कॉर्पोरेट आहे. त्याला पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : अक्षर कोणतें ?

पॉइंट मोजण्याच्या पद्धतीही दोन आहेत. जुनी पद्धत अंतराची. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारें ७०८ मैल आहे. अक्षर वरच्या कप्प्याचें असेल तर ७०८ चे पूर्ण ७०८. अक्षर खालच्या कप्प्याचें असेल तर त्याच्या निम्मे, पाव, किंवा शून्य. या पद्धतींत प्रवाशानें अथवा त्याच्या कचेरीनें प्रत्यक्ष किती रुपये दिले हें कोणी पाहत नाहीं. म्हणून सवलत पहिल्या रीतीची असली, म्हणजे अक्षर तेंच ठेवून टक्के कापलेले असले, तर सवलतीमुळें एकही पॉइंट बुडत नाहीं.

नवी पद्धत पैशाची. अमेरिकेंत डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनीं २०१५ सालीं, आणि ज्या कंपनीनें हा सर्व खेळ सुरू केला त्या अमेरिकन एअरलाइन्सनें २०१६ सालीं, मैल मोजणें सोडून डॉलर मोजण्यास आरंभ केला. एअर इंडियानें एप्रिल २०२४ मध्यें तोच मार्ग धरला. आतां तुम्हीं किती लांब गेलां यापेक्षां तुमच्यासाठीं किती पैसे दिले गेले याला महत्त्व आहे. तेही सर्व पैसे नव्हेत. मूळ भाडें आणि कंपनीनें स्वतः लावलेला अधिभार धरतात, जी.एस.टी. व विमानतळाचे आकार धरीत नाहींत. तिकिटाच्या एकूण रकमेवर पॉइंट मोजून नंतर कमी भरले म्हणून तक्रार करणारे पुष्कळ असतात. त्यांची तक्रार येथेंच निकालांत निघते.

या पद्धतींत सवलतीनें पॉइंट कमी होतात, हें उघड आहे. पण किती कमी होतात तें एकदां मोजून पाहावें. पुढील आंकडे सोईसाठीं मीं घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नव्हेत. बाजारांतील मूळ भाडें ६,००० रुपये. कचेरीला शेंकडा १० टक्के सूट, म्हणजे ५,४०० रुपये. शंभर रुपयांस ५ पॉइंट असा दर धरला तर सहा हजारांवर ३०० पॉइंट मिळाले असते, आतां २७० मिळतात. गेले ते ३० पॉइंट. एका पॉइंटाची किंमत चार आणे धरली तर प्रवाशाचें नुकसान साडेसात रुपयांचें, आणि कचेरीचा फायदा ६०० रुपयांचा. साडेसात रुपयांसाठीं कोणी सुज्ञ मनुष्य मालकाशीं वाद घालणार नाहीं. उलट त्याच विमानांतील शेजाऱ्यानें महिनाभर आधीं स्वस्तांतलें तिकीट ४,५०० रुपयांस घेतलें असेल तर त्याला २२५ च पॉइंट मिळतील. म्हणजे सवलतीचें कॉर्पोरेट तिकीट घेऊनही आपला मनुष्य पुढेंच राहिला.

खरें नुकसान दहा टक्क्यांच्या सुटीनें होत नाहीं. तें होतें अक्षर पॉइंट न देणाऱ्या कप्प्यांत गेलें म्हणजे. मग २७० चे २७० ही जातात, आणि वरिष्ठ गिऱ्हाईक होण्यासाठीं जी उड्डाणें मोजतात त्यांतही तो प्रवास धरला जात नाहीं. ज्याला महिन्यांतून चार वेळां रांगेंत उभें राहावें लागतें त्याला, रांग टाळण्याचा तो हक्क पॉइंटांपेक्षांही जड वाटतो.

परदेशच्या प्रवासांत एक जास्तीची वाट असते. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजीं स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या संघांत सामील झाली. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड या त्याच संघांतल्या. संघांतील कोणत्याही कंपनीच्या विमानांत बसून पॉइंट दुसऱ्या सभासद कंपनीच्या खात्यांत जमा करतां येतात. बसणें जर्मन विमानांत आणि जमा आपल्या महाराजाकडे, किंवा याच्या उलट. येथें मजेची गोष्ट अशी कीं, दुसऱ्याच्या विमानांतील प्रवाशानें काय भाडें दिलें तें खातें ठेवणाऱ्या कंपनीला बहुधा कळत नाहीं. तिला कळतें अंतर आणि अक्षर. त्यामुळें घरच्या विमानांसाठीं पैशाची पद्धत स्वीकारलेल्या कंपन्यांनींही पाहुण्या विमानांसाठीं अंतराची पद्धत पुष्कळ ठिकाणीं ठेवलेली आहे. मुंबई ते फ्रँकफुर्ट हें अंतर सुमारें चार हजार मैल. कचेरीनें घासाघीस करून भाडें खालीं आणलें असेल पण अक्षर मधल्या कप्प्याचें असेल, तर तो प्रवास कोणत्या खात्यांत घालावा यानें पॉइंटांत दुपटीचा फरक पडूं शकतो. मात्र एक प्रवास एकाच खात्यांत जमा होतो आणि जमा झाल्यावर हलवितां येत नाहीं. म्हणून दोन्हीं कंपन्यांचे तक्ते तिकीट निघण्यापूर्वीं वाचावयाचे, उतरल्यावर नव्हे.

घाऊक भाड्यांचा प्रकार निराळा. एजंटानें कंपनीकडून आंतल्या दरानें घेतलेल्या कांहीं तिकिटांवर भाड्याच्या रकान्यांत आंकडा नसतोच. तेथें बीटी किंवा आयटी अशीं दोन अक्षरें असतात. आंतला दर गिऱ्हाइकाला दिसूं नये हा हेतु. पैशाच्या पद्धतीनें पॉइंट देणाऱ्या कंपनीलाही मग भाडें मोजतां येत नाहीं, आणि ती अशा तिकिटांसाठीं अंतराचा वेगळा तक्ता वापरते किंवा पॉइंट देतच नाहीं. सहलींच्या टोळीच्या तिकिटांचेंही तेंच. १९८४ सालच्या केसरीपासून २०१३ सालच्या वीणा वर्ल्डपर्यंत मुंबईंतल्या यात्रा कंपन्यांनीं मराठी कुटुंबांना परदेश दाखविला. अशा सहलींत विमानाचें भाडें सर्व टोळीसाठीं एकत्र ठरतें, आणि टोळीच्या अक्षरावर पॉइंट मिळतीलच असें धरून चालतां येत नाहीं. दादरच्या आजोबांनीं युरोपाला जाऊन आल्यावर पॉइंट कोठें गेले म्हणून विचारलें तर दोष ना एजंटाचा ना आजोबांचा. तो त्या अक्षराचा.

आतां हे पॉइंट कोणाचे, या प्रश्नाकडे येतों.

विमानकंपनीपुरतें उत्तर सोपें आहे : जो बसला त्याचे. खातें व्यक्तीच्या नांवाचें असतें, आणि तिकिटाचे पैसे कोणीं भरले याच्याशीं खात्याला कर्तव्य नसतें. नवऱ्याच्या प्रवासाचे पॉइंट प्रवासाच्या वेळीं बायकोच्या खात्यांत घालतां येत नाहींत, मग कचेरीच्या खात्यांत घालण्याची गोष्ट दूरच. परंतु विमानकंपनीनें दिले म्हणून नोकरानें ते ठेवावेत कीं नाहीं, हा प्रश्न नोकर आणि मालक यांच्यामधला आहे, आणि निरनिराळ्या देशांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत.

जर्मनींत हा वाद देशाच्या वरिष्ठ कामगार न्यायालयापर्यंत गेला. ११ एप्रिल २००६ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, मालकाच्या खर्चानें केलेल्या प्रवासावर मिळालेले मैल मालकाच्याच कामाच्या प्रवासासाठीं वापरावेत, अशी मागणी करण्याचा मालकाला हक्क आहे. त्यामागचें तत्त्व असें कीं, दुसऱ्याच्या वतीनें काम करीत असतां जें हातीं आलें तें ज्याच्या वतीनें काम केलें त्याला पोंचविलें पाहिजे. अमेरिकेंत उलट झालें. तेथें सरकारी नोकरांना असे मैल स्वतः वापरण्याची मुभा २००१ च्या अखेरीस कायद्यानें मिळाली, आणि २००२ सालीं तेथील प्राप्तिकर खात्यानें जाहीर केलें कीं, कामाच्या प्रवासांत मिळालेल्या मैलांच्या खाजगी वापरावर आपण कर मागणार नाहीं. आपल्या केंद्र सरकारचा नियम जर्मनीच्या बाजूचा आहे. सरकारी कामाच्या तिकिटावर मिळालेले पॉइंट त्या खात्याच्या दुसऱ्या सरकारी प्रवासासाठींच खर्चावेत, खाजगी प्रवासासाठीं वापरल्यास खातेनिहाय कारवाई होईल, असें अर्थ मंत्रालयानें आपल्या नोकरवर्गाला बजावलेलें आहे. एखाद्या केंद्रीय कचेरींत नोकरी करणाऱ्या श्रोत्यांनीं हें विसरूं नये.

खाजगी कंपन्यांत पॉइंट सामान्यतः प्रवाशाकडेच राहूं देण्याची चाल आहे. याचें कारण औदार्य असेल, पण हिशेबाची कटकटही असेल. शंभर माणसांच्या खात्यांतले पॉइंट गोळा करावयास एक कारकून ठेवावा लागेल, आणि त्याचा पगार पॉइंटांहून अधिक होईल. माझें स्वतःचें मत विचाराल तर मुभा देणें योग्यच आहे. दिवसाच्या कामाचे तास मोजणाऱ्या कचेऱ्या पहाटे चारपासून रात्रीं अकरापर्यंतचा काळ प्रवास म्हणून बाजूला ठेवतात. तो काळ कोठें तरी जमेस धरला गेला तर बिघडलें कोठें? पण मुभा ही मालकानें दिलेली असावी, नोकरानें गृहीत धरलेली नसावी. करारांत किंवा प्रवासाच्या नियमांत याबद्दल एक ओळ असते. नसेल तर ती घालून घ्यावी. कांहीं विमानकंपन्यांनीं दोघांचेंही समाधान करण्याची वाट काढली आहे. एमिरेट्सच्या बिझनेस रिवॉर्ड्स किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या हायफ्लायर या योजनांत प्रवाशाला त्याचे पॉइंट मिळतातच, शिवाय त्याच तिकिटावर कचेरीच्या खात्यांतही वेगळे पॉइंट पडतात. लहान पेढ्यांनीं याची चौकशी करण्यासारखी आहे.

खरा धोका पॉइंट ठेवण्यांत नाहीं, पॉइंटांसाठीं तिकीट निवडण्यांत आहे. कचेरीचा करार एका विमानकंपनीशीं, पण आपलें जुनें खातें दुसरीकडे; मग दुपारचें स्वस्त विमान सोडून, बैठकीची वेळ पुढें करून, हजार रुपये महाग विमान घ्यावयाचें. वर केलेला हिशेब पुन्हां मांडा. चार आण्याचा पॉइंट धरला तर आपल्या खात्यांत ५० पॉइंट जास्त पडण्यासाठीं, म्हणजे साडेबारा रुपयांसाठीं, मालकाच्या खिशांतून हजार रुपये गेले. शिवाय अशा चुकलेल्या तिकिटांमुळें करारांत कबूल केलेली संख्या भरली नाहीं कीं पुढच्या वर्षीं सवलत कमी होते, आणि तिचा भार सर्व कचेरीवर पडतो. आपल्याकडे याला लांच म्हणत नाहींत, कारण नोट कोणीं कोणाच्या हातांत ठेवलेली नसते. १९८१ सालीं ज्यांनीं ही योजना आंखली त्यांना मात्र आपण काय करीत आहों याची पुरती जाणीव असली पाहिजे.

पॉइंट हें नाणें आहे, पण तें पाडणारा आणि त्याची किंमत ठरविणारा एकच. गिरगांवच्या सराफाकडे महिन्याची भिशी लावली तर वर्षाअखेर मिळणारें सोनें कोणत्याही दुकानांत वजनावर विकतां येतें. पॉइंट ज्याचे त्याच्याच दुकानांत, अथवा त्यानें नेमलेल्या दुकानांत चालतात, आणि आज ८,००० पॉइंटांस मिळणारें आसन उद्यां १२,००० पॉइंटांस केलें तर दाद मागावयास जागा नसते. शिवाय त्यांना मरणही आहे. मुदतींत न वापरलेले पॉइंट बुडतात, आणि कंपनीच बुडाली तर सगळेच बुडतात. किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें जमिनीवर बसलीं तेव्हां लोकांनीं जमविलेल्या त्या कंपनीच्या पॉइंटांना उडावयास विमानच उरलें नाहीं. जेट एअरवेजचें शेवटचें उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजीं झालें. तेथें मात्र पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीच्या नांवें असल्यामुळें ती मागें उरली आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इंटरमाइल्स हें नांव घेऊन दुसऱ्या कंपन्यांचीं तिकिटें देऊं लागली. विस्ताराचे सभासद अधिक सुदैवी. त्यांचीं खातीं महाराजा क्लबांत वळविण्यांत आलीं. नातवाच्या लग्नासाठीं म्हणून दहा वर्षें पॉइंट राखून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जमले कीं खर्चावेत, हेंच शहाणपण.

जातां जातां दोन व्यवहाराच्या गोष्टी. कचेरीच्या तिकिटांत पॉइंट न मिळण्याचें सर्वांत नेहमींचें कारण अक्षर नव्हे, सभासद क्रमांक हें आहे. तिकीट कचेरीतला दुसराच मनुष्य काढतो, आणि त्याच्यापाशीं आपला क्रमांक नसतो. तो एकदां देऊन ठेवावा, आणि विमानतळावर बोर्डिंग पासावर छापला आहे कीं नाहीं तें पाहावें. नसेल तर तेथेंच खिडकीवर सांगावें.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रीय नांवांची. आपण स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव असें तिपेडी नांव लावतों. पासपोर्टांत पहिल्या दोन्हीं नांवांची एकच ओळ होते. तिकिटावर तीं दोन्हीं कधीं कधीं एकमेकांस चिकटून छापलीं जातात. आणि विमानकंपनीच्या खात्यांत आपण घाईंत नुसतें स्वतःचें नांव व आडनांव लिहिलेलें असतें. माणसाला कळतें कीं हा तोच. यंत्राला तें कळत नाहीं, आणि प्रवास जमा होत नाहीं. लग्न झालेल्या भगिनींची अडचण याहून मोठी; खातें माहेरच्या नांवाचें, पासपोर्ट सासरच्या नांवाचा. खात्यांतलें नांव पासपोर्टांतल्याप्रमाणें अक्षरशः करून घ्यावें, आणि तें करीपर्यंत बोर्डिंग पास व तिकिटाचा क्रमांक फेंकून देऊं नये. राहिलेला प्रवास मागाहून मागून घेण्यासाठीं प्रत्येक कंपनी कांहीं मुदत देते, बहुधा कांहीं महिन्यांची; त्या मुदतींत हे दोन कागद दाखविले म्हणजे पॉइंट जमा होतात.